फरशीखालचं कौतुक

चौकसरावांचं बाथरूम गळायला लागलं ते नेमकं ताईंच्या डोक्यावर, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. परक्या माणसाच्या डोक्यावर गळलं असतं तर चार कडक शब्द, एक तक्रार अर्ज आणि पुढे जिन्यात भेटल्यावर मान फिरवणं, एवढ्यावर भागलं असतं. पण खालच्या मजल्यावर राहत होती ती चौकसरावांची सख्खी थोरली बहीण. सख्ख्या माणसाला नुसती मान फिरवून चालत नाही, त्याला आधी बोलणं सोडावं लागतं.

चौकसराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे, ते बिल्डिंगनं ठेवलेलं. लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक शिव्या देत जिना चढतात. हे गुडघे टेकून फटीतून बघतात, की नेमकी अडकली कुठे. नोकरीही त्यांना तशीच मिळाली होती. विमा कंपनीत बसून लोकांच्या आगी, चोऱ्या आणि अपघात खरे की खोटे याची चौकशी करायची. असा माणूस चोवीस तास घरात वागवणं म्हणजे काय असतं, ते त्यांच्या बायकोला विचारा. म्हणजे विचारू नका, ती आधीच प्रश्नांना कंटाळलेली आहे.

तर ताई शिवणकामाच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरीच शिवण शिकवायच्या, गिऱ्हाइकांची कामंही करायच्या. त्यांच्या मशिनच्या बरोबर वर चौकसरावांचं बाथरूम. एक दिवस कुणाचं तरी पांढरंशुभ्र रेशमी कापड बेतून टेबलावर पसरलेलं, आणि त्यावर वरून टप्पकन एक पिवळट थेंब पडला. ताई ते कापड हातात घेऊन, रागाच्या भरात गुडघे विसरून, तरातरा वर आल्या. आता अशा वेळी शहाण्या भावानं काय करावं? कान धरावेत, चुकलो म्हणावं, तसलंच कापड आणून द्यावं. चौकसराव धावत खाली गेले, मशिनच्या टेबलावर चढले, छताला नाक लावून वास घेतला आणि तिथूनच म्हणाले, "ताई, एक थेंब पडल्यावर दुसरा पडायला साधारण वेळ किती लागतो गं?"

ताईंनी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून त्यांनी भावाला कुठलंच उत्तर दिलं नाही. जे काय बोलायचं ते भावजयीच्या मार्फत. "अगं, तुझ्या नवऱ्याला सांग, जिन्यातला दिवा लावून ठेव म्हणावं." तिचा नवरा समोरच बसलेला. तोही मग तिकडे न बघता म्हणायचा, "तिला म्हणावं, लावलाय." बायको बिचारी मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवायची. खोली लहान असल्यामुळे निरोप तिच्या आधीच पोचलेले असत, तो भाग वेगळा.

आणि मग एका संध्याकाळी तो निरोप आला. "अगं, तुझ्या नवऱ्याला सांग, बाथरूम फोड नाहीतर काही कर, पण आता वरून एक थेंब जरी पडला ना, तर मी ही जागा विकून लेकीकडे राहायला जाईन. एजंटला सांगून ठेवलंय."

चौकसराव वर आले ते गप्पच. जेवताना त्यांनी भाजीत काय घातलंय हेसुद्धा विचारलं नाही, तेव्हा बायको घाबरली. आई गेल्यावर ताईंनीच त्यांना वाढवलं होतं. मुलाखतीला घालायचा शर्ट त्यांनीच शिवला होता, आणि हे घर घेताना "मी खाली घेते, तू वर घे, मला पायऱ्या होत नाहीत" असं म्हणून दोघांची गाठ त्यांनीच बांधली होती. आता त्या गेल्या तर खाली कोणी परका येणार, त्याचा कुकर वाजणार, त्याचा टीव्ही ऐकू येणार. आपण मग कुणाच्या डोक्यावर राहायचं, असं चौकसरावांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. चौकसराव कामाला लागले म्हणजे अख्खी बिल्डिंग सल्ला द्यायला लागली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. उमेदीत त्यांनी कुठंतरी एक पूल बांधला होता आणि पुढचं आयुष्य त्या पुलावरच काढलं होतं, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणत. पूलवाल्यांनी बाथरूमच्या दारात उभं राहून, डोळे बारीक करून निदान केलं, "सगळं पाडा." सगळं म्हणजे किती, असं विचारल्यावर त्यांनी हातानं जो घेर दाखवला त्यात ताईंचं स्वयंपाकघरही आलं. शेजारणीचं म्हणणं, फरशीच्या सांध्यांत मेणबत्ती वितळवून ओतावी, तिच्या माहेरी तसंच केलं होतं. आता माहेरी गळतंय का? माहेर विकलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, मुळात माणसानं एवढ्या आंघोळी कराव्यातच कशाला!

शेवटी चौकसराव फरशीच्या दुकानात गेले आणि तिथं त्यांना ते दिसलं. नारिंगी रंगाचं, मेणकापडासारखं, गुंडाळी करून कोपऱ्यात उभं. दुकानदारानं त्याचा एक तुकडा रिकाम्या बादलीच्या तोंडावर झोळ देऊन बांधला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. चौकसरावांनी तुकड्याच्या पोटाशी खालून हात फिरवला. कोरडा. त्यांनी दुसरा हात फिरवला. तोही कोरडा.

"याला काय म्हणायचं?"

"मेम्ब्रेन. फरशीच्या खाली बसवायचं."

"खाली? म्हणजे दिसणार नाही?"

"दिसायला लागलं तर काम बिघडलं समजा," दुकानदार म्हणाला.

या वाक्यानं चौकसराव गारद झाले. जगात जी वस्तू दिसत नाही तेव्हाच आपलं काम करत असते, अशा वस्तूबद्दल किती विचारावं आणि किती नाही! त्यांनी दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत विचारलं. घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं की खालचं काँक्रीट आणि वरची फरशी यांचं आपसांत कधीच पटत नसतं. उन्हात एक फुगतं, गारठ्यात दुसरं आखडतं, दोघं एकमेकांना ओढतात आणि मग तडे जातात. मध्ये हे मेम्ब्रेन असलं की पाणी तर अडतंच, शिवाय एकाचा राग दुसऱ्यापर्यंत जात नाही.

"म्हणजे माझ्यासारखंच आहे की," बायको म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

आता परवानगी. सोसायटीच्या नियमांत फरशी होती, भिंत होती, खिडकीसुद्धा होती. फरशीच्या खाली काय घालावं याबद्दल नियम गप्प होते. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि सांगितलं की ज्याबद्दल नियम नाही ती वस्तू कमिटीला प्रत्यक्ष बघावी लागेल.

"मग दुकानातून तुकडा आणतो."

"तुकडा बघून काय कळणार? बसवलेलं बघावं लागेल."

"बसवतो मग."

"परवानगीशिवाय कसं बसवाल?"

या दोन वाक्यांच्या मध्ये चौकसराव आठवडाभर लोंबकळत राहिले. शेवटी पूलवाल्यांनी तोड काढली. बसवावं, पण तात्पुरतं म्हणून बसवावं. जे कायमचं चिकटतं ते तात्पुरतं कसं, हे विचारायचा चौकसरावांना फार मोह झाला, पण ताईंचा चेहरा आठवून त्यांनी तो गिळला.

मिस्त्री आला तोच फुरंगटून. "साहेब, माझ्या फरशीखाली प्लास्टिक? माझ्या हातावर भरवसा नाही म्हणा की सरळ. लोक काय म्हणतील?"

"अहो, लोकांना दिसणार नाही."

"मला माहीत असेल ना!"

या बोलण्यात तथ्य होतं. पण मिस्त्रीची समजूत काढता काढता त्यानं जुनी फरशी कधी फोडली ते कळलंच नाही, आणि आंघोळीचे वांधे झाले. बायको टॉवेल घेऊन बिनधास्त खाली ताईंकडे जायची. चौकसरावांना त्या निरोपापासून तिथं बंदी. त्यांना बादली, साबण आणि खांद्यावर टॉवेल अशा अवतारात जिना चढून पूलवाल्यांकडे जावं लागे. वाटेत भेटणारे लोक आधी टॉवेलकडे बघत आणि मग "काय, कुठं निघालात?" असं विचारत. पूलवाले आंघोळभर दाराबाहेर उभे राहून आतल्या माणसाला पुलाच्या खांबांची माहिती देत. विमा कंपनीत ज्यांच्या सहीला वजन आहे अशा गृहस्थानं डोळ्यांत साबण गेलेला असताना "हो का? मग पुढे?" असं ओरडत राहावं, ही काही साधी गोष्ट नव्हे.

इकडे मिस्त्रीनं मेम्ब्रेन अंथरलं. भिंतीवर वीतभर चढवलं, सांध्यांवर पट्ट्या चिकटवल्या, सगळं झाल्यावर हात झटकून बाजूला झाला. चौकसरावांनी वाकून बघितलं, मग पुन्हा बघितलं. पाणी जायची जाळी कुठंच दिसेना.

"जाळी कुठाय हो?"

"खाली आहे. झाकली. पाणी खाली जाऊ द्यायचं नाही असं तुम्हीच म्हणालात ना?"

मग भोक पाडून, जाळीभोवती काठ आत दुमडून पुन्हा चिकटवणं झालं. तिथं खाली थोडी पोकळी राहिली, पण मिस्त्री म्हणाला चालतंय, आणि तेवढ्यापुरते चौकसराव दमलेले होते.

पण झाल्यावर काय दिसत होतं ते! कोपऱ्याकोपऱ्यांतून नारिंगी, गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही. चौकसराव दाराशी स्टूल टाकून बसले आणि त्यांच्या मनात आलं, यावर आता फरशी बसणार आणि हे पुन्हा कधीच कुणाला दिसणार नाही. त्यांना ते सहन होईना. त्यांनी मिस्त्रीला सुट्टी दिली आणि लोकांना बोलवायला सुरुवात केली. कमिटी आली. कमिटीनं बोटांनी दाबून बघितलं आणि "आता बसवलंच आहे तर" अशी परवानगी दिली. पूलवाले आले, शेजारीण आली, ऑफिसातला साहेब येऊन गेला. दूधवाला पिशवी ठेवून वळत होता, त्यालाही चौकसरावांनी हाताला धरून आत नेलं. जो तो चपला काढून आत डोकावे, "वा!" म्हणे आणि मग हमखास विचारे, "आणि हे दिसणार नाही?" चौकसराव खिन्नपणे मान हलवत. इतकी किंमत त्यांना आजवर कधी मिळाली नव्हती.

फक्त खालून कुणी आलं नाही. एकदा त्यांनी जिन्यात ताईंना पाहिलं तेव्हा तोंडापर्यंत शब्द आले होते, ये गं, बघून जा. पण जी बोलतच नाही तिला बोलवायचं कसं? छत कोरडं राहिलं की कळेलच तिला, असं म्हणून ते पुढे गेले.

आता परीक्षा. फरशी बसवायच्या आधी जाळीत बोळा घालायचा, सगळीकडे बोटभर पाणी भरायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं, असं दुकानदारानं बजावलं होतं. चौकसरावांनी पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलनं खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या किंचित खाली होतं. वाफ झाली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याच्या क्लेमवर तांबडी फुली मारली असती.

दुपारी बायकोनं मध्यस्थी करून परवानगी आणली आणि चौकसराव खाली जाऊन ताईंच्या मशिनशेजारी, छताकडे तोंड करून बसले. बायको मध्ये, पलीकडे ताई. तिघांच्याही माना वर. ताईंचं मात्र काही खरं दिसत नव्हतं. त्या उठत होत्या, बसत होत्या, टेबलावरची कात्री इकडची तिकडे करत होत्या. आपण हरावं म्हणून वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे चौकसरावांच्या धंद्यातलं ज्ञान. ताईंना भीती कशाची वाटतेय हे त्यांना कळेना.

तेवढ्यात बेल वाजली आणि एजंट गिऱ्हाइकाला घेऊन दारात उभा राहिला. नवरा-बायको होते, माणसं चांगली दिसत होती. एजंटनं चौकसरावांना बाजूला सारून खोलीच्या मध्यभागी जागा घेतली. "उजेड बघा. वारा बघा. आणि छत तर असं आहे की..."

टप्प. बरोबर त्याच्या कपाळावर.

"एसीचं असेल," एजंट कपाळ पुसत म्हणाला.

"एसी नाहीये," चौकसरावांची बायको म्हणाली.

दुसरा थेंब पडला. चौकसराव उठून उभे राहिले, पण बघायचं कुणाकडे ते कळेना. "तिला म्हणावं," त्यांचा आवाज चिरकला, "मी माझ्या परीनं सगळं केलं होतं. माझ्याकडून काही राहिलं असेल तर मला कळलं नाही."

गिऱ्हाईक समजूतदार निघालं. "गळतीचं काय एवढं, आम्ही करून घेऊ. जागा आवडली आम्हाला." एजंटचा चेहरा उजळला. सगळे ताईंकडे बघायला लागले.

"जागा विकायची नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, असं काय करता? तुम्हीच म्हणालात, एक थेंब पडला की विकणार! हे दोन पडले!"

"थेंब कुणापायी पडला त्यावर असतं ते."

"वरच्यांच्या पायीच ना?"

"तुम्ही निघा आता," ताई म्हणाल्या, आणि ते इतक्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या की तिघंही निमूटपणे निघाले.

दार बंद झालं. चौकसरावांचं दुःख तिथल्या तिथं राहिलं आणि डोकं चालू झालं. "तिला विचार, कुणापायी पडला?"

बायको खिडकीबाहेर बघत होती आणि ओठ चावत होती. "अहो, मी आता मध्ये नाही. तुमचं तुम्ही बघा."

मग ताई मशिनकडे बघत म्हणाल्या, "कापड चांगलं की वाईट, ते टोचून बघितल्याशिवाय कळतं का?"

आता ताईंची ही खोड अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. कापड घ्यायचं तर त्या आधी कोपऱ्यात सुई घालणार, मग त्यावर नख घासणार. भोक बुजलं तर वीण घट्ट, नाही बुजलं तर ठेव परत. कित्येक दुकानदार ताईंना लांबून येताना पाहिलं की चांगले तागे आत नेऊन ठेवत.

"ताई," चौकसराव हळूच म्हणाले, "सुईनं?"

"जाळीपाशी," ताईंनी मशिनला सांगितलं. "हिनं नेलं मला, तुझा नवरा... हिचा नवरा ऑफिसात असताना. तिथं हाताला पोकळ लागलं म्हणून म्हटलं, बघावं. नखानं घासलं, तर भोक काही बुजेना. म्हणून शेजारी परत टोचलं."

"एकूण किती वेळा?"

"मोजायला मी काय तू आहेस?" ताई ओरडल्या, आणि ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण थेट त्याच्याशीच बोललो. मग काय, एकदा धरण फुटलं ते फुटलंच. "सगळ्या बिल्डिंगला दाखवलंस! त्या पूलवाल्याला दाखवलंस, दूधवाल्याला हात धरून नेलंस! माझ्या डोक्यावर गळलं म्हणून आणलंस ना ते? मग मला का नाही बोलावलंस?"

"तू बोलत नव्हतीस, ताई."

"बोलत नव्हते म्हणून काय बघतही नव्हते?" ताईंचे डोळे भरून आले. "रोज वर आवाज ऐकायचे. वा, वा, वा! म्हटलं एवढं काय मिळवलंय माझ्या भावानं, आणि मीच तेवढी परकी झाले."

चौकसरावांना पहिल्यांदाच काही विचारायला सुचेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात तिसरा थेंब पडला, तो टेबलावरच्या नव्या कापडाच्या अगदी काठाशी. ताईंनी कापड हिसकून छातीशी धरलं.

"आधी वर जा आणि तो बोळा काढ! रडायचं असेल तर नंतर रड. आणि मिस्त्रीला सांग, ठिगळाला हात लावायचा नाही. ठिगळ मी लावणार आहे."

चौकसराव धावत सुटले. जिन्याच्या वळणावर त्यांना मागून धापा टाकल्याचा आवाज आला. कठड्याला धरून, एका हातात कात्री घेऊन, पायऱ्या न होणाऱ्या ताई वर येत होत्या.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या, "मलाही तुझ्याबरोबर बघायचंय."